मुरघास प्रकल्प नोंदी: एकच मका, चार जागा

९ मे, रात्री

वही सुरू करायचं कारण म्हणजे गेल्या साली मुरघासाच्या (हिरवा मका बारीक कापून, हवाबंद ठेवून आंबवलेली वैरण) १२ बॅगांतल्या ५ बॅगा उकिरड्यात गेल्या, आणि त्या का गेल्या यावर घरात अजून एकमत नाही. आबा (माझे चुलते, गोठ्याचे मालक तेच) म्हणतात मका कोवळा कापला. आई म्हणते गुळाचं पाणी मारलं नाही म्हणून. बॅगवाला म्हणाला तुम्ही हलक्यातली बॅग घेतली. मी दिवसभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंगला गेज लावून पास-नापास करतो आणि घरी आलो की सगळा कारभार नाकावर, म्हणून म्हणलं यावेळी मोजूया.

जनावरं चार. दोन म्हशी, एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, एक गाभण रेडी. मका सात-आठ गुंठ्यांचा तुकडा, उन्हाळी, हायब्रिड, कणसं चांगली भरलीत. एकच रान, एकच बी, एकच दिवस कापणी. फरक फक्त भरण्यात आणि ठेवण्यात करायचा, नाहीतर परत तेच, कोण म्हणणार मका कोवळा आणि कोण म्हणणार बॅग फाटकी.

चार गट ठरवलेत, प्रत्येकी १० लहान बॅगा (५० किलोवाल्या, बाहेर पांढरी विणीव, आत प्लास्टिक लायनर):
अ म्हणजे दाबून भरलेल्या, त्याच दिवशी तोंड बांधलेल्या, शेडात सावलीला, खाली लाकडी फळ्या.
ब म्हणजे तशाच भरलेल्या पण गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीला उघड्या कोब्यावर. गेल्या साली सगळ्या तिथंच होत्या.
क म्हणजे शेडातच, पण न तुडवता नुसत्या ओतून भरलेल्या.
ड म्हणजे कुट्टी (मशीनवर बारीक कापलेला मका) रात्रभर ढिगात ठेवून दुसऱ्या दिवशी भरलेल्या, शेडात.
आणि ५०० किलोच्या दोन मोठ्या बॅगा, एक आत एक बाहेर.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "मुद्दाम वैरण नासवायची? येड लागलंय काय रं तुला?" त्यांना म्हणलं गेल्या साली ५ बॅगा फुकट नासवल्या, यावेळी निदान कशानं नासतंय ते कळंल. गप्प बसले, म्हणजे परवानगी.

११ मे

सकाळी साडेसहाला कापणी. कणीस मोडून बघितलं, दाण्यावरची दुधाची रेघ निम्म्याच्या खाली उतरलीय, नखानं दाबला तर चीक पिचकारीसारखा उडत नाही, पिठूळ लागतो. म्हणजे वेळ बरोबर. कोवळा असता तर पाणी जास्त, बॅगेच्या बुडातून काळपट पाझर सुटतो आणि त्यासोबत साखरही जाते, आणि फार वाळला असता तर कितीबी तुडवा, आत हवा राहतेच.

ओलावा बघायला मुठीची परीक्षा केली. कुट्टी मुठीत घट्ट दाबून अर्धा मिनिट धरली, हात उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला, बोटांतून पाणी गळालं नाही. मग खात्रीसाठी मायक्रोवेव्ह. १०० ग्रॅम कुट्टी, बाजूला पाण्याचा पेला (नाहीतर करपते), आधी तीन मिनिटं मग एकेक मिनिट, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. शेवटी ३१ ग्रॅम उरलं, म्हणजे कोरडा भाग ३१ टक्के. पाहिजे ३० ते ३५, बसलं. आईनं मायक्रोवेव्ह दोनदा पुसून घेतला आणि परत हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

कुट्टी मशीनची पाती कालच घासून आणलेली, तुकडा दीड-दोन सेंटीमीटर. दाणा फुटतोय का तेवढं बघत होतो, कारण अख्खा दाणा शेणातून अख्खाच बाहेर पडतो आणि कोंबड्या खूश होतात.

अ, ब आणि क दुपारी तीनपर्यंत भरल्या. पाय धुवून बॅगेत उभं राहून तुडवायचं, पायाला माती चालत नाही, मातीतनं क्लॉस्ट्रिडियम नावाचे जंतू येतात आणि घाण वासाचं मूळ ते. चार बोटं थर टाकायचा, तुडवायचं, परत थर. दहाव्या बॅगेला पिंढऱ्या बोलायला लागल्या.

वजन: अ आणि ब बॅगेत ४५ किलो. क बॅगेत तेवढ्याच जागेत ३४ किलो. टेपनं घेर १२५ सेंमी, उंची ५८ सेंमी, त्यावरून हिशेब केला तर अ मध्ये घनमीटरला ६२० किलोच्या आसपास आणि क मध्ये ४७०. डोळ्याला दोन्ही बॅगा सारख्याच फुगीर दिसतात बरं का! हातानं दाबलं तरी फार कळत नाही. वजनकाटा लावला नसता तर मीच क ला पास केलं असतं.

मोठ्या दोन्ही संध्याकाळी भरल्या. लायनरचं तोंड पिळून, वाकवून, परत त्याच्यावर दोरी, म्हणजे हंसाच्या मानेगत. ड चा ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

१२ मे

ढिगात प्रोब (तापमान मोजायची सळई) घातला. काल संध्याकाळी ३४ अंश, आज सकाळी सातला ४३. एका रात्रीत नऊ अंश, चूल नाही जाळ नाही. ही उष्णता म्हणजे आपल्या मक्यातली साखरच जळतीय, कापलेलं पानबी श्वास घेतंच की, शिवाय यीस्ट (साखर आंबवणारी बारीक बुरशी) आणि हवेवर जगणारे बाकीचे जंतू जेवायला बसलेत. जी साखर आम्ल व्हायला पायजे ती वाफ होऊन गेली. ढिगात हात घातला तर गरम भाकरीगत.

ड भरल्या, ४५ किलोच. हात भाजत भाजत.

१४ मे

बॅगा फुगल्या. अ, ब दोन्ही टम्म, ड कमी (तिची बरीच ऊर्जा ढिगातच गेली असणार). आबांनी मला न विचारता ब-४ ला सुईनं टोचून हवा काढली आणि वर सांगतात, "फुटली असती." फुटत नाही. पहिला दिवस-दोन दिवस आत अडकलेला ऑक्सिजन संपतो, तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यानं फुगते, आणि तोच वायू आतल्या मालाची राखण करतो. त्याच्यानंतर लॅक्टिक आम्ल करणारे जंतू कामाला लागतात, पीएच (आकडा जितका कमी तितकं आंबट) सहाच्या आसपासनं चारवर आणतात, तीन आठवड्यांत बऱ्यापैकी आटोपतं. टोचलेल्या भोकावर टेप लावला, बॅगेवर "आबा" असं लिहून ठेवलंय.

एक मात्र खरं, पहिल्या आठवड्यात बंद खड्ड्यात किंवा टाकीत डोकं घालायचं नाही. नायट्रोजन खत जास्त झालेल्या नाहीतर ताण पडलेल्या मक्यातनं पिवळट-तपकिरी वायू निघू शकतो, फुफ्फुसाला लागतो, जीव जाऊ शकतो. बॅगेला ही भीती कमी, पण आबांना सांगून ठेवलं, त्यांना सुई घेऊन वाकायची सवय.

१९ मे

सुट्टी होती, दुपारी तीनला तापमानं घेतली. बाहेर ३७. शेडातल्या अ बॅगा आत ३३ ते ३४. ब च्या पश्चिमेच्या अंगाला प्लास्टिकवर हात ठेवता येत नाही, वरचं तापमान ५२, त्याच बाजूला बोटभर आत ४४, मध्यभागी ३६, भिंतीकडच्या बाजूला ३४. एकाच बॅगेत दहा अंशांचा फरक. (प्रोब घातलेल्या जागी लगेच टेप, आणि मोजायला प्रत्येक गटात एकच बॅग ठेवलीय, बाकीच्यांना भोक नाही.)

रात्री दहाला परत गेलो. ब आक्रसलेली, सैल. दुपारी टम्म, रात्री सैल, म्हणजे बॅग श्वासच घेतीय की! दुपारी तापून आतला वायू कुठंतरी बारीक फटीतनं बाहेर, रात्री गार झाली की त्याच फटीतनं हवा आत. शिवाय प्लास्टिक तापलं की त्यातनं ऑक्सिजन जास्त झिरपतो. हे वाचून माहीत होतं पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा गेल्या सालच्या ५ बॅगांचा चेहराच समोर आला.

बाहेरच्या मोठ्या बॅगेवर कावळे बसतात. चोच मारतात का माहीत नाही, पण बसतात.

१ जून

२१ दिवस झाले, प्रत्येक गटातली एकेक फोडली. पीएचसाठी प्लेटिंगवाल्या मित्राचं पेनसारखं मीटर आणलं, पीएच ४ आणि ७ च्या ठरलेल्या द्रावणात घालून जुळवून घेतलं. आधी पट्ट्या आणलेल्या शाहूपुरीतनं, पण मुरघासाचं पाणीच तपकिरी, पट्टीचा रंग कळंना. पद्धत: २५ ग्रॅम माल, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास, फडक्यातनं गाळून मोजायचं.

अ: ३.९. पिवळसर हिरवट, ताकासारखा आंबूस वास, दाणा-पान वेगळं ओळखू येतंय.
ब: मध्ये ४.०, पश्चिमेच्या बाजूला ४.४, तिथं रंग तपकिरी. लायनरच्या आतून भिंतीकडच्या गार बाजूला पाण्याचे थेंब. म्हणजे तापलेल्या बाजूचा ओलावा वाफ होऊन गार बाजूला गेला.
क: ४.३. तोंडाजवळ मूठभर पांढरी बुरशी, आत दोन ठिकाणी पोकळ्या, त्या पोकळीच्या कडेलाच बुरशी. हवा होती तिथंच, बाकी ठीक.
ड: ४.०.

ड बघून माझंच तोंड पडलं, खरं सांगतो. पीएच अ च्या बरोबरीला, वास थोडा ताडीसारखा पण वाईट म्हणावा असा नाही. आबा म्हणाले, "मग? रात्रभर ठेवून काय बिघडलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बादलीची चाचणी लावली. प्रत्येकातला ३ किलो माल सैल करून बादलीत, वर फडकं, सावलीत, मध्ये प्रोब. बाहेरच्यापेक्षा दोन अंश वर जायला किती वेळ लागतो ते बघायचं. मी कामावर असताना आई मोजणार आहे.

४ जून

बादलीनं उत्तर दिलं. ड दुसऱ्याच दिवशी सकाळी गरम, साधारण २२ तासांत. क दीड दिवसात. ब दोन दिवसांच्या आत. अ तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गार होती.

म्हणजे पीएच ३.९ आणि ४.० मध्ये काही दिसलं नाही, पण ढिगात रात्रभर यीस्टची पोरंबाळं वाढली होती. बॅग बांधल्यावर हवा नाही म्हणून ती मेली नाहीत, झोपली. तोंड उघडलं की उठून लॅक्टिक आम्लच खायला लागतात, आम्ल संपलं की पीएच चढतो, मग बुरशीला रान मोकळं. बंद असताना चांगली दिसणारी बॅग उघडल्यावर एका दिवसात का गरम होते ते आता कळलं. आपण म्हणतो "उघडल्यावर खराब झाली", ती भरायच्या रात्रीच खराब झालेली असते.

आईनं तक्त्यात तासांसोबत "माश्या लई" असाही रकाना केलाय. ड ला जास्त, अ ला कमी. अल्कोहोलचा वास असणार. ऊसाचा मुरघास केला तर हा प्रकार अजून वाढतो, साखर इतकी की यीस्ट दारूच गाळतं, म्हणून आपल्याकडं ऊस ढीगभर असला तरी नुसत्या ऊसाचा मुरघास घालायचा विचार सोडून दिलाय. वाडं (ऊसाचे शेंडे) कुट्टी करून घालतात काहीजण, पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, मिनरल मिक्श्चर द्यावंच लागतं.

९ जून

पाऊस सुरू. शेडात ओल. अ-६ आणि अ-७ ला उंदरानं कोपऱ्यात कुरतडलं. कारण माझंच, फळ्यांची रांग लावताना शेवटच्या दोन बॅगा सरकी पेंडीच्या पोत्यांना टेकवल्या होत्या. म्हणजे ज्या गटाला मी सगळ्यात सुरक्षित समजत होतो तिथलीच पहिली बॅग फुकट. अ-७ च्या भोकाची जागा रुपयाएवढी पण आतमध्ये विटेएवढा भाग निळा-हिरवा, पीएच ६.८, हाताला कोमट. सहा तरी दिवस झाले असणार, मी रोज शेडात येऊन समोरनं बघून जात होतो, मागनं बघितलंच नाही.

पेंडीची पोती दुसऱ्या खोलीत. बॅगा भिंतीपासनं हातभर पुढं, चहूबाजूनं फिरता येईल अशा. अ-६ चं भोक लहान होतं, टेप लावून पुढच्या आठवड्यात वापरायची.

अ-७ चं काय करायचं यावर वाद. आबा म्हणाले बुरशी काढून बाकीचं घालू. मी म्हणलं बुरशी दिसते तेवढीच नसते, भोवतीचं वीतभर तरी काढायचं, आणि विष डोळ्याला दिसतच नाही. जनावराच्या खाण्यात अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) गेलं तर त्याचा अंश दुधात उतरतो, आणि दुधात किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे डोळ्यानं किंवा वासानं पकडायची गोष्टच नाही. शिवाय रेडी गाभण. जिथं आम्ल चढलेलं नसतं अशा नासक्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जंतू वाढतो आणि गाभण जनावर गाभडतं. रेडीचं नाव काढल्यावर आबा स्वतःच पाटी उचलून उकिरड्यावर गेले.

२५ जून

४५ दिवस. आजपासनं रोजचं खाणं सुरू, आधी जनावरामागं २-३ किलो आणि आठवड्याभरात वाढवत म्हशींना १४-१४, गाईला १६. म्हणजे दिवसाला एक बॅग. रेडीला मुरघास नाही, कडबा आणि हत्तीगवत.

आज ब-२ फोडली आणि गोंधळ झाला. पश्चिमेची बाजू गडद तपकिरी, जवळजवळ चहाच्या चोथ्याच्या रंगाची, आणि वास... काय सांगू, गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला गूळ करपतो ना, तसा. थोडा तंबाखूसारखा. एकदम छान. आबांनी मूठभर घेऊन नाकाला लावलं, "ह्यो बघ अस्सल मुरघास! तुझ्या अ ला नुसता ताकाचा वास." आणि म्हशींनी पण तीच बाजू आधी संपवली, अ चं तसंच पडलेलं.

आता हे समजावायचं कसं? माल बरेच दिवस ४० च्या वर तापत राहिला की साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात, करपलेल्या गुळाचा रंग-वास त्याचाच, आणि ती चिकटलेली प्रथिनं पचत नाहीत, शेणातनं बाहेर. जनावराला चव आवडते, पोटाला काही मिळत नाही. म्हशीनं आवडीनं खाल्लं म्हणजे वैरण चांगली, हा आमच्या गोठ्यातला सगळ्यात जुना नियम, आणि तो इथं चुकतो. आबांना सांगितलं करपलेल्या पुरणाला वास भारी येतो म्हणून ते चांगलं होत नाही. ते म्हणाले, पण खाल्लं तर जातं.

वजनं: अ-२ भरताना ४५, आज ४४.२. ब-२ भरताना ४५, आज ४२.५. पाझर कुणालाच नव्हता, म्हणजे हे गेलं ते वायू आणि वाफ होऊन. अडीच किलो काही फार नाही वाटत, पण जे जातं ते सगळ्यात पचणारं असतं, काड्या मागं राहतात.

आबांनी टोचलेली ब-४ पण बघितली. टेपाखाली लिंबाएवढी बुरशी. त्यांनी बघितली, काही बोलले नाहीत, मी पण नाही.

२ जुलै

दुधाला वास येतोय अशी तक्रार. आमचं थोडं दूध गल्लीत घरोघरी जातं, आणि गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं आपलं कोल्हापूर, इथं दुधाच्या वासावर कुणी गप्प बसत नाही. आई धारेच्या आधी मुरघास टाकत होती, जनावर शांत उभं राहतं म्हणून. वास श्वासातनं आणि पोटातनं दोन्हीकडनं दुधात येतो. आता धार काढून झाल्यावरच मुरघास, आणि फोडलेली बॅग गोठ्यात ठेवायची नाही, शेडातच. धारेला पेंडीचा डोस.

५ जुलै

वास गेला. तक्रार बंद.

११ जुलै

शेडातली मोठी बॅग (५०० किलो) फोडली. पहिले तीन दिवस बघतो. हिशेब असा: बॅग १३० सेंमी उंच, रोज ४४ किलो काढलं तर ११ दिवस पुरणार, म्हणजे रोज साधारण १२ सेंमीचा थर. उष्ण दमट हवेत रोज वीतभर तरी, म्हणजे १५ ते ३० सेंमी, काढावं असं सांगतात. आमची चार जनावरं, त्यातलं एक खात नाही, आमचं काढणं त्याच्या खालीच पडतं.

१४ जुलै

तोंडाकडचा माल ३६ अंश, बाहेर २६. वितभर खाली गेलं की २८. म्हणजे वरचा थर आपण खायच्या आधी यीस्ट खातंय. काढताना कोण फावड्यानं उकरतं (आबा), त्यानं खालचा थर पण सैल होतो आणि हवा आत जाते. आता पाटीनं सपाट थर काढायचा, मध्ये खड्डा करायचा नाही, काढून झालं की लायनर मालाला चिकटवून दाबायचं, वर वाळूची पोती.

गावात गेल्या दोन वर्षांत टनाच्या बॅगा आल्यात, स्वस्त पडतात म्हणून. १०-१२ जनावरं असतील तर ठीक. तीन खाणारी जनावरं असताना टनाची बॅग तीन आठवडे उघडी राहणार, रोज ७ सेंमी. त्यापेक्षा लहान बॅगेला प्लास्टिक जास्त लागलं तरी मला तेच परवडतं, सकाळी फोडली संध्याकाळी संपली, यीस्टला उठायला वेळच नाही. या हिशेबात तर ड सुद्धा चालते! २२ तासांत गरम होणारी बॅग १२ तासांत संपली तर काय फरक पडतो. हे मला आज सुचलं, म्हणून ड च्या सगळ्या आता आधी संपवतोय, एका दिवसाला एक.

२४ जुलै

पंचगंगेचं पाणी चढतंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि आमचं गाव चिखली-आंबेवाडीच्या पट्ट्यातलं, आमच्याकडं पाणी येतं ते आधी गोठ्याच्या मागच्या ओढ्यातनं उलटं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा गंजीच्या गंजी वैरण गेली, जनावरं वरच्या रस्त्यावर आठ दिवस, आणि त्या आठ दिवसांत वैरण मिळवायला काय काय केलं ते आबांनाच विचारा. मुरघास करायचं खरं कारण घरात तेच आहे, उन्हाळा वगैरे नंतर.

दुपारी ट्रॉली लावून उरलेल्या बॅगा वरच्या माळावर पाव्हण्यांच्या शेडात हलवल्या. पाऊस डोक्यावर, पोरं घाईत, काही बॅगा उचलायच्या ऐवजी ओढल्या. मी ओरडलो पण तेव्हा कुणाला ऐकू जातंय. बाहेरची मोठी बॅग हलवता आली नाही, तिच्याखाली चार विटा रचून वर बांधून ठेवली आणि देवावर सोडली.

२७ जुलै

पाणी गोठ्याच्या पायरीला लागून परतलं. बाहेरची मोठी बॅग बुडातनं वीतभर भिजली.

३ ऑगस्ट

ओढलेल्या बॅगा कुठल्या ते आज आपोआप कळलं. क-८, ब-९, अ-९. बुडाला वाळूच्या खरचटण्यानं सुईएवढी भोकं, दहा दिवसांत प्रत्येक भोकामागं नारळाएवढा पांढरा गोळा. ज्या हातानं उचलून नेल्या त्या एकदम ठणठणीत. अ-९ सावलीत होती, दाबून भरलेली होती, अडीच महिने चांगली राहिली आणि ट्रॉलीपर्यंतच्या वीस पावलांत गेली. क-८ ची अवस्था सगळ्यात वाईट, सैल भरलेली असल्यानं भोकातनं आलेली हवा आतपर्यंत पोचली, अ-९ मध्ये ती गोळ्यापुरतीच थांबली. घट्ट भरल्याचा फायदा इथं दिसला, मे महिन्यात पिंढऱ्या दुखल्या त्याचा.

पुढच्या वेळी मे मध्येच माळावर ठेवायच्या. एकदा बांधलेली बॅग खायच्या दिवसापर्यंत हलवायची नाही.

१० ऑगस्ट

बाहेरची मोठी बॅग फोडली. वरचा भाग: पश्चिमेला तेच गूळ-तंबाखू, कावळ्यांच्या चोचीची तीन भोकं, त्यांच्याखाली बुरशीच्या नळ्या. (म्हणजे मारतात चोच.) मधला भाग चक्क चांगला, पीएच ४.१. बुडाचा भिजलेला भाग पीएच ५.६, चिकट, आणि वास खवट लोणी आणि ओकारी यांच्या मधला, हाताला लागला तर साबणानं पण जात नाही. हेच ते क्लॉस्ट्रिडियम. आपण चिखलाचे पाय धुवून भरलं आणि नदीनं चिखल आणून घातला.

बुडाचं सगळं आणि त्याच्या वरचं वीतभर टाकून दिलं. अंदाजे १८० किलो. आबा न सांगता टाकत होते, आणि काढलेल्या भागात स्वतःच प्रोब घालून बघत होते. आकडा वाचायला चष्मा लागतो म्हणून मला हाक मारतात, "किती दावतंय रं?"

१७ ऑगस्ट

संपत आलं. गटाप्रमाणे काय टाकून द्यावं लागलं ते वहीत मागं लिहिलंय, इथं थोडक्यात. अ मधलं टाकलं ते सगळं उंदीर आणि ओढाओढीचं. ब मध्ये प्रत्येक बॅगेची पश्चिमेची बाजू. क मध्ये तोंड आणि पोकळ्या, प्रत्येक बॅगेत दोन-तीन किलो. ड मध्ये जवळजवळ काहीच टाकलं नाही, पण त्याची साखर ढिगातच जळली होती आणि ड चालू असताना गाईचं दूध दिवसाला अर्धा-पाऊण लिटर कमी भरत होतं. ते ड मुळं का पावसामुळं हे एका गाईवर सांगता येत नाही.

शेजारचे काका विचारून गेले, बॅगा कुठं ठेवू. त्यांच्या घरी शेड नाही, फक्त आंब्याचं झाड. झाडाखाली ठेवा म्हणलं, पण वर जुनी ताडपत्री, ताडपत्री आणि बॅगेच्या मध्ये हवा खेळायला बांबू, आणि सुया लपवून ठेवा. शेवटचं ऐकून आबा हसले.

उरलेलं: अ च्या ३ (अ-४, अ-८, अ-१०), क ची १. प्रोबचा सेल संपलाय, उद्या येताना आणायचा. उद्या सकाळी अ-८ फोडायची, धार झाल्यावर.